पडद्यावरची पहिली बाई

साखरशेत, जव्हार, मोखाडा या बाजूला राहणाऱ्या माणसाला बोहाडा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या रात्री संभळ वाजू लागतो, टेंभे पेटतात, आणि एकेक सोंग नाचत नाचत गावाच्या मधोमध येते. गणपती येतो, राक्षस येतात, देवी येतात. लुगडे नेसून, मुखवटा चढवून देवीचे सोंग घेणारा कोण असतो? गावातलाच एखादा बाप्या. सकाळी तोच खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानात जाताना दिसतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. रीतच तशी आहे.

ही रीत काही आपल्याच डोंगरातली नव्हे. प्राचीन ग्रीसमध्ये राणीचे काम पुरुष करी. शेक्सपियरची नाटके प्रथम झाली तेव्हा ज्यूलिएट म्हणून उभा राही तो मिसरूड न फुटलेला मुलगा. इंग्लंडात रंगभूमीवर बायका उजळ माथ्याने येऊ लागल्या त्या १६६० नंतर. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षे मराठी नाटकातली सीता, शकुंतला, सुभद्रा ही सगळी पुरुषांचीच कामे. त्याला म्हणत ‘स्त्रीपार्ट’. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी हा स्त्रीपार्ट इतका वर नेला की चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. बाईने कसे दिसावे हे बाईने पुरुषाकडे पाहून शिकावे, अशी ती गंमत होती!

मग पहिली खरी बाई केव्हा आली? नाटकाची हकिकत थोडी निराळी आहे. बायकांच्याच काही नाटकमंडळ्या तेव्हा होत्या, आणि त्यांच्यात पुरुषांची कामेही बायकाच करीत. पण सिनेमाच्या पडद्यावर आपल्या देशातली पहिली बाई कोण, याचे उत्तर नेमके देता येते. त्या दोघी होत्या. एक आई आणि दुसरी तिची लेक. आईचे नाव दुर्गाबाई कामत. लेकीचे नाव कमला. हीच पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखली गेली. आज मी तुम्हाला या मायलेकींची, आणि विशेषतः लेकीची हकिकत सांगणार आहे.

त्याआधी सिनेमा काढणाऱ्याची ओळख करून घ्यायला हवी, आणि तो तर तुमचा शेजारीच निघतो. मोखाड्याहून निघून तोरंगणचा घाट चढून वर गेलात की त्र्यंबकेश्वर लागते. त्या त्र्यंबकेश्वरात ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. चित्रकला, फोटोग्राफी, छापखाना, जादूचे प्रयोग असे सारे करून झाल्यावर हा माणूस चाळिशीत चित्रपटाच्या नादी लागला. १९१२ साली विलायतेला जाऊन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, असे सामान घेऊन आला आणि दादरच्या बंगल्यात त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ काढावयास घेतला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांपुढे आला.

हा पट काढताना फाळक्यांना सर्वांत मोठी अडचण कोणती आली असेल? पैशाची होतीच. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शिवाय साठ-सत्तर माणसांचे जेवण रांधले आणि अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म धुण्याचेही काम केले. पण पैशाहून मोठी अडचण होती तारामतीची. हरिश्चंद्राची राणी तारामती कोणी व्हायचे? फाळक्यांनी जाहिराती दिल्या. कोणी फिरकले नाही. मुंबईत नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकांकडे गेले, तर त्यांनीही नकार दिला. पाहा बरे, ज्यांना समाज दारात उभे करीत नव्हता त्या बायकांनाही सिनेमात काम करणे कमीपणाचे वाटले!

शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत स्वयंपाकघरात काम करणारा एक नाजूक चणीचा तरुण त्यांच्या नजरेस पडला. त्याचे नाव अण्णा साळुंके. महिना दहा रुपये मिळत होते त्याला, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. अण्णा साळुंके तारामती झाला. बाकीच्या दासी, सख्या, ऋषिपत्न्या, या सगळ्या भूमिकांतही पुरुषच. त्या पुरुषांची एक वेगळीच तक्रार होती. स्त्रीपार्ट करायचा म्हणजे मिशा काढाव्या लागणार, आणि मिशा काढायच्या त्या बाप वारला म्हणजेच, अशी त्या वेळची समजूत. बाप जिवंत असताना मिशा कशा उतरवायच्या? समजूत घालता घालता फाळक्यांच्या नाकी नऊ आले.

आणखी एक गोष्ट ऐका. सिनेमात काम करतो असे पुरुषांनाही चारचौघांत सांगता येत नव्हते. तेव्हा फाळक्यांनी आपल्या नटांना युक्ती सांगितली : कोणी विचारले तर म्हणावे, मी हरिश्चंद्र नावाच्या एका गृहस्थाच्या कारखान्यात कामाला आहे. पुरुषांची ही तऱ्हा, तर बायकांची काय असेल याची कल्पना करा.

‘हरिश्चंद्र’ चालला. त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला आणि लगेच दुसरा पट हाती घेतला : ‘मोहिनी भस्मासुर’. तो १९१३ सालातलाच. यातले पार्वतीचे काम दुर्गाबाईंनी केले आणि मोहिनीचे काम कमलेने. कमला तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती.

नाचगाणे करणाऱ्या बायका ज्या कामाला नको म्हणाल्या, त्याला या मायलेकी कशा तयार झाल्या? ही बेधडक वृत्ती आली कोठून? श्रोते हो, याचे उत्तर सिनेमात सापडत नाही. ते दहा वर्षे मागे, एका घराच्या मोडतोडीत सापडते.

दुर्गाबाई या शिकल्यासवरलेल्या घरातल्या. त्यांचे यजमान आनंद नानोसकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इतिहास शिकवीत. १९०० साली कमला झाली. पण संसार टिकला नाही. १९०३ साली दोघे वेगळी झाली, आणि तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन दुर्गाबाई रस्त्यावर आल्या. आजच्या बाईला शिक्षिका होता येते, परिचारिका होता येते, अंगणवाडीत काम मिळते, बचतगटात उभे राहता येते. १९०३ सालच्या एकट्या पांढरपेशा बाईपुढे तीन वाटा होत्या. दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करणे ही एक. अब्रूचा बाजार मांडणे ही दुसरी. आणि नाटकात जाणे ही तिसरी. लोकांच्या लेखी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत फारसा फरक नव्हता. दुर्गाबाईंच्या लेखी होता. त्यांनी तिसरी वाट धरली आणि एका फिरत्या नाटकमंडळीत त्या दाखल झाल्या. जातभाईंनी त्यांना वाळीत टाकले.

वाळीत टाकणे म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला जास्त कळते. शहरात शेजारी बोलेनासा झाला तर दुसरा शेजारी असतो. जिथे लग्नाला, मर्तिकाला, पाण्याला, विस्तवाला एकमेकांवाचून चालत नाही तिथे वाळीत टाकणे म्हणजे जिवंतपणी मरण. ही बाई ते सोसून उभी राहिली. लेकराला जगवायचे होते, हे त्यामागचे साधे कारण. पुढे तिला ‘भारतातील पहिली चित्रपट अभिनेत्री’ म्हणून पुस्तकांत नाव मिळाले. पण पोटाला भाकरी शोधताना आपण इतिहास घडवीत आहोत, असे कोणाच्या मनात तरी येत असेल का?

फिरती नाटकमंडळी म्हणजे एक चालते गावच. आज या मुक्कामी, उद्या त्या मुक्कामी. पेट्या, पडदे, तबला-पेटी, भांडीकुंडी सारे बैलगाडीवर लादायचे, दिवसा प्रवास करायचा, रात्री खेळ करायचा. यात कमलेला शाळा कुठली? तिचे नाव कुठल्या हजेरीपटावर टिकणार होते? आईने मुक्कामामुक्कामाला तिला लिहावाचावयास शिकवले. पुढची शाळा म्हणजे रंगभूमीच. चौथ्या वर्षी पोर पहिल्यांदा नाटकात उभी राहिली. भाषणे पाठ करणे, सुरात म्हणणे, प्रकाशात उभे राहून न घाबरणे, समोरचे माणूस रडले की आपण कुठे थांबायचे, हे सारे तिने असे अंगवळणी पाडले. आपली मुले बैलाच्या मागे चालता चालता औत धरायला शिकतात ना, तसेच.

फाळक्यांना त्यांच्या दुसऱ्या पटासाठी ही दोघे मिळाली ती गोखले यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीतून. मंडळीचे काम तेव्हा थंडावले होते, आणि फाळक्यांना तर रंगभूमीवर मुरलेल्या बायका हव्याच होत्या. असा तो योग जुळला.

आता ‘मोहिनी भस्मासुरा’ची गोष्ट. तुम्हाला ती ठाऊक आहे, तरी दोन शब्दांत आठवून घेऊ. भस्मासुराने शंकराची तपश्चर्या करून वर मिळवला : ज्याच्या डोक्यावर मी हात ठेवीन तो भस्म होईल. वर मिळताच तो शंकराच्याच डोक्यावर हात ठेवावयास धावला. देव पळू लागले. मग विष्णूने मोहिनी नावाच्या सुंदर स्त्रीचे रूप घेतले. मोहिनी नाचू लागली, भस्मासुर तिच्यामागे तसाच नाचू लागला. नाचता नाचता तिने आपला हात आपल्या मस्तकावर ठेवला. त्यानेही ठेवला आणि तो जळून राख झाला.

यातली मौज पाहा. चार-सहा महिन्यांपूर्वीच्या पटात तारामती राणी ही खरी बाई, आणि तिचे काम करणारा पुरुष. या पटात मोहिनी हा मुळात पुरुष देव, बाईचे सोंग घेतलेला, आणि त्याचे काम करणारी खरी मुलगी! बोहाड्याची, नाटकाची, सगळी जुनी रीत या एका पटात उलटी झाली. मोहिनीचे ते नृत्य म्हणजे आपल्या चित्रपटातील स्त्रीचे पहिले नृत्य असे मानतात.

मूकपटात काम करणे सोपे, नुसते तोंड हलवायचे, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नसते. नाटकात आवाज साथीला असतो. गळा गोड असला तर चेहऱ्याचे पुष्कळ चुकते माफ होते. मूकपटात आवाज नाही. जे सांगायचे ते डोळ्यांनी, हातांनी, मानेने. आणि नाटकात शेवटच्या रांगेला दिसावे म्हणून हातवारे मोठे करावे लागतात, तर कॅमेरा समोर चार पावलांवर उभा. तेच हातवारे तिथे केले तर माणूस वेडा दिसतो. नाटकात वाढलेल्या मुलीला हे मोजमाप नव्याने शिकावे लागले. विजेचे दिवे तेव्हा नव्हते, चित्रीकरण उघड्या उन्हात चाले. अंगावर जरीची वस्त्रे, चेहऱ्याला रंग, वर नाशिकचे ऊन, आणि तोंडावर प्रसन्न हसू!

शिक्षकबंधूंना मुलांना सांगण्यासारखा एक हिशेब येथे देतो. त्या वेळी कॅमेरा हाताने मूठ फिरवून चालवीत. एका सेकंदात साधारण १६ चित्रे टिपली जात. फिल्मच्या एका फुटात चित्रे बसत बरोबर १६. म्हणजे एक फूट फिल्म एका सेकंदात संपे. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी होती ३,७०० फूट. सेकंदांचे मिनिट करा : तासाभराचा पट झाला. पण मूठ फिरवणारा जरा सावकाश फिरवू लागला की पडद्यावर माणसे भराभर चालू लागत. जुने मूकपट पाहताना माणसे पळताहेत असे वाटते त्याचे कारण हेच. चित्रे टिपली एका गतीने आणि दाखवली दुसऱ्या गतीने.

मधूनमधून पडद्यावर अक्षरे उमटत. त्यांत प्रसंग लिहिलेला असे. वाचता येणारे मोठ्याने वाचीत, न येणारे ऐकत. पडद्याजवळ कोणी पेटी-तबला घेऊन बसे. पुढे हे खेळ जत्राजत्रांतून तंबूत होऊ लागले. एरव्ही नाटकाचे तिकीट ज्याला परवडत नव्हते, ज्याच्या गावी नाटकमंडळी कधी येत नव्हती, त्यालाही पडद्यावरचे देव पाहता आले. चित्राला भाषा लागत नाही, म्हणून एकच पट महाराष्ट्रात चाले, मद्रासेत चाले, बंगालात चाले. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीचे मुख, तिचे नावही माहीत नसलेल्या माणसांनी असे गावोगाव पाहिले असेल.

यापुढे काय व्हावे असे तुम्हाला वाटते? दार उघडले, भराभरा बायका आत आल्या? नाही हो. एका माणसाने दार उघडले म्हणून वस्ती लगेच आत येत नसते. १९१७ साली फाळक्यांनी ‘लंका दहन’ काढला. तो फार गाजला. त्यातली सीता कोण? पुन्हा अण्णा साळुंकेच. आणि राम? तोही साळुंकेच! एकाच माणसाने राम आणि सीता दोन्ही कामे केली. म्हणजे कमलेने मोहिनी केल्यावर चार वर्षांनीही फाळक्यांच्या पडद्यावर सीतेसाठी पुरुषालाच उभे राहावे लागले. १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी कृष्णाचे काम आपल्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला दिले. तिने ते इतके गोड केले की आजही तो पट पाहताना हसू येते.

विसाच्या दशकात मूकपटांत नट्या आल्या, नावारूपालाही आल्या. त्यांतल्या पुष्कळजणी ज्यू किंवा अँग्लो-इंडियन घरांतल्या होत्या. रूबी मायर्स ही टेलिफोन ऑफिसात नोकरी करणारी मुलगी ‘सुलोचना’ या नावाने सगळ्या देशाची लाडकी झाली. फात्मा बेगम यांनी तर १९२६ साली स्वतः चित्रपट दिग्दर्शित केला. आपल्या येवल्याची एक मुलगी लहानपणीच मूकपटांत कामे करू लागली. तीच पुढे ललिता पवार म्हणून सर्वांना माहीत झाली. मग १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू लागला, आणि मूकपटांचे युग संपले.

१९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापूरला ‘अयोध्येचा राजा’ काढला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे, एका प्रतिष्ठित, सुशिक्षित घरातल्या, इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकलेल्या. तोवर नाके मुरडणारे म्हणू लागले, चांगल्या घरच्या बायकाही सिनेमात येतात बरे का! ज्या तारामतीसाठी १९१३ सालच्या पटात खाणावळीतला अण्णा शोधावा लागला, तिचे काम एकोणीस वर्षांनी एक खरी बाई करीत होती.

दुर्गा खोट्यांचे धैर्य मी कमी लेखत नाही. त्यांनाही टीका सोसावी लागली. पण एक प्रश्न मनात येतो. ‘चांगल्या घरच्या’ म्हणजे काय? दुर्गाबाई कामत आणि कमला यांचे घर वाईट होते काय? त्यांना घरच उरले नव्हते, एवढाच त्यांचा दोष. एखादी वाट प्रतिष्ठित माणूस चालून गेला म्हणजे ती सडक होते, आणि त्याआधी काटे तुडवीत गेलेल्याची गणती वाट चुकलेल्यांत होते. हा अनुभव सिनेमाच्या बाहेरही येतो. शाळेत गेलेली गावातली पहिली मुलगी, आणि सावित्रीबाईंसारखी तिला शिकवणारी बाई, दोघींनी शेणगोळेच झेलले ना?

कमलेच्या पुढच्या आयुष्याकडे वळू. मंडळीतल्याच रघुनाथराव गोखल्यांशी तिचे लग्न झाले. ते स्वतः एकेकाळी स्त्रीपार्ट करीत. ऐन तारुण्यात कमलाबाई रंगभूमीवर नाव मिळवलेली नटी झाली. मग विपरीत घडले. तिची पंचविशी होते न होते तोच रघुनाथराव वारले. पदरी लहान मुले. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांपूर्वी आई जिथे उभी होती, बरोबर तिथेच आता लेक उभी राहिली. फरक इतकाच की आईला वाट शोधावी लागली होती, लेकीच्या हातात विद्या होती.

त्या काळी विधवेने काय करायचे हे ठरलेले होते. कोपऱ्यात बसायचे, आल्यागेल्याच्या दृष्टीस पडायचे नाही. कमलाबाई रंग लावून पुन्हा नाटकात उभी राहिली. स्त्रियांच्याच मंडळीत तिने पुरुषांच्या भूमिकाही केल्या. ऐका हं, ज्या रंगभूमीवर पुरुष बायका होत होते त्याच रंगभूमीवर ही बाई फेटा बांधून पुरुष झाली! मूकपट संपल्यावर बोलपटांतही तिने कामे केली. सगळे मिळून तिचे पस्तीसच्या आसपास चित्रपट झाले. शेवटचा हिंदी ‘गहराई’, १९८० सालचा. म्हणजे १९१३ ते १९८०, सदुसष्ट वर्षे. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यापासून रंगीत बोलपटापर्यंतचा सगळा प्रवास एका बाईच्या कामकाजाच्या आयुष्यात मावला.

तिन्ही मुलांना तिने वाढवले ते याच कमाईवर. लालजी आणि सूर्यकांत यांनी तबल्यात नाव काढले. चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमीचे आणि चित्रपटाचे नामवंत नट झाले. देशासाठी जखमी झालेल्या जवानांना ते आपल्या मिळकतीतून मदत करीत, हेही लोकांच्या स्मरणात आहे. ते २००८ साली गेले. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले. हे नाव तुम्ही ऐकले आहे, त्यांना पडद्यावर पाहिलेही आहे. तेही २०२२ साली आपल्यातून गेले. दुर्गाबाईंपासून मोजले तर चार पिढ्या. १९०३ साली ज्या बाईला नाटकात गेली म्हणून वाळीत टाकले, तिच्या पणतवाच्या अंत्यदर्शनाला लोकांची रीघ लागली.

कमलाबाई दीर्घायुषी. विसाव्या शतकाच्या पहिल्या उंबऱ्यावर जन्मली आणि त्याचे अखेरचे दशक पाहून गेली. तिच्या म्हातारपणी रीना मोहन नावाच्या एका तरुण बाईने ‘कमलाबाई’ हा माहितीपट तिच्यावर केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुण्यातल्या घरात एकटी राहणारी ही आजी त्यात नाटकातली जुनी भाषणे घडाघडा म्हणून दाखवते, थट्टा करते, मध्येच रागावतेही. वय नव्वदीला टेकले होते, पण पाठांतर जागेवर. मूकपटातल्या पहिल्या मोहिनीचा आवाज आपल्याला अखेर ऐकायला मिळाला तो असा, सत्तर-पाऊणशे वर्षांनी.

आणि ती मोहिनी? ती मात्र आज पडद्यावर पाहायला मिळत नाही. छायाचित्रे आहेत, पट नाही. आपल्या देशात मूकपट झाले तेराशेच्या आसपास. त्यांतले आज उरले आहेत फार तर तीसएक, आणि त्यांतलेही पुष्कळ अर्धेमुर्धे तुकडे. बाकीचे गेले कुठे? त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती भुरकन पेट घेई आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात नासून चिकट होई. काहींनी तर जुनी फिल्म तिच्यातली चांदी काढण्यासाठी विकून टाकली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर गेले ते गेलेच. ज्या कामासाठी या मायलेकींनी लोकांचे शिव्याशाप घेतले, तेच काम आपण सांभाळून ठेवले नाही.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, शेवटी दोन गोष्टी तुमच्यापाशी बोलावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनाची. आजही एखाद्या वाडीवर मुलगी नाटकात चांगले काम करते म्हटले की आठवी-नववीत घरून निरोप येतो, आता पुरे, लोक काय म्हणतील. अशा वेळी मुलगी गप्प बसते, शिक्षकही गप्प बसतात, आणि तिच्या जागी दुसरे कोणी उभे केले जाते. तसे न करता एकदा तिच्या घरी जा. आईबापांना ही गोष्ट सांगा. तेरा वर्षांची कमला जिथे उभी राहिली तिथे तिची आई शेजारी उभी होती. पार्वती आणि मोहिनी एकाच पटात होत्या. मुलीच्या पाठीशी घरचे माणूस असले तर लोक काय म्हणतील याला फारसे वजन राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची आहे. दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ‘जगायला’ जातात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर माणसे उतरतात ती पहिल्या पावसाला परत येतात. हजेरीपटावर मुलाचे नाव असते, मूल भट्टीवर विटा थापत असते. या मुलांची आणि बैलगाडीत अक्षरे गिरवणाऱ्या कमलेची जात एकच, फिरत्या बिऱ्हाडाची. कमलेची आई लिहिती-वाचती होती म्हणून तिचे भागले. भट्टीवरच्या आईला ते जमेलच असे नाही. तिथे तुम्हीच उभे राहायला हवे. जाताना त्या मुलाच्या पिशवीत एक पुस्तक आणि पाटी द्या. आजोबा-आजी गावात राहणार असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवून घेण्याविषयी बोला. भट्टी कोणत्या गावाला आहे ते विचारून ठेवा, तिथल्या शाळेला कळवा. आणि पावसाळ्यात ते मूल परत आले की इतके दिवस कुठे होतास असे दरडावून विचारू नका. ते हिंडायला गेले नव्हते. आईबापांबरोबर भाकरी मिळवायला गेले होते. फिरत्या मंडळीतली कमलाही असेच करीत होती.

त्याला मागच्या बाकावर न बसवता पुढे घ्या, आणि काय काय पाहून आलास ते वर्गाला सांगायला लावा. चारचौघांत उभे राहून बोलायची सवय अशीच लागते.